बऱ्याच वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्यांसाठी

‘मॅडम, एखादी चांगली कादंबरी सांगा ना. पढना छूटच गया.’ हे वाक्य मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकते. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. पालकसभेला आलेल्या आया, दुकान सांभाळणारे माजी विद्यार्थी, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली. यांतल्या कुणी शाळेत असताना इब्ने सफीच्या कादंबऱ्या दप्तरात लपवून वाचलेल्या असतात. कुणाच्या घरी ‘शमा’ किंवा ‘बीसवीं सदी’ यायचं आणि आईच्या आधी मुलीच ते संपवायच्या. पुढे लग्न, मुलं, नोकरी, आजारपणं आली आणि शेवटी मोबाइल आला. आता दोन पानं वाचली की डोळे जड होतात, हात आपोआप फोनकडे जातो आणि माणूस स्वतःबद्दल ठरवून टाकतो की आपल्याला आता वाचायला जमणार नाही.

अशा माणसाला आपण काय सांगतो? मराठीत विचारलं तर ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘स्वामी’. उर्दूत विचारलं तर ‘आग का दरिया’ किंवा ‘उदास नस्लें’. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. उत्तम ते सुचवावं, असं त्याला वाटतं. पण उशीएवढं जाड पुस्तक घरी येतं, पंचविसाव्या पानावर खूण अडकते, महिन्याभराने ते कपाटावर जातं आणि ‘जमणार नाही’ हे मत पक्कं होतं. दिवसभराचा रोजा सोडताना आपण आधी खजूर आणि पाणी देतो. बिर्याणी कितीही चांगली असली तरी ती नंतर. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण सरळ देगच समोर ठेवतो.

माझं मत असं आहे की, बऱ्याच वर्षांनी वाचायला बसलेल्या माणसासाठी पुस्तक निवडताना त्याचं साहित्यातलं मोठेपण दुय्यम समजावं. तीन गोष्टी पाहाव्यात. पुस्तक दीडशे पानांच्या आसपास असावं. त्यातली भाषा कानाला ओळखीची असावी. आणि त्यात आपल्याला, म्हणजे वाचणाऱ्याला, बसायला जागा असावी. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही पटतील. तिसऱ्या गोष्टीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी मुसलमान वाचकाची गाडी बहुतेकदा तिथेच अडते.

त्याआधी आपल्या घरातला एक आक्षेप. ‘कादंबरी वाचून काय मिळतं? खोट्या गोष्टी. त्यापेक्षा दोन पानं दीनची वाचावीत.’ हे घरातली मोठी माणसं म्हणतात आणि मनापासून म्हणतात. त्यांना मी डिप्टी नजीर अहमद यांची आठवण करून देते. हे गृहस्थ धार्मिक, अरबीचे जाणकार, कुरआनचा उर्दू तर्जुमा करणारे. आपल्या मुलींना वाचायला काहीतरी चांगलं हवं म्हणून त्यांनी ‘मिरातुल उरूस’ लिहिली. ती १८६९ साली छापून आली आणि उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आज तिचंच नाव घेतलं जातं. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी घर कसं बिघडवतात आणि कसं सावरतात, याची ती गोष्ट. त्यांच्याच ‘तौबतुन्नसूह’मध्ये नसूह नावाचा बाप कॉलऱ्यातून वाचतो, देवभीरू होतो आणि आपल्या शायर मुलाची, कलीमची, पुस्तकं जाळून टाकतो. गंमत अशी की, वाचकाच्या मनात घर करून राहतो तो कलीमच. किस्से-कहाण्यांची पुस्तकं जाळण्याचा प्रसंग सांगायलासुद्धा नजीर अहमद यांना किस्साच लिहावा लागला. आणि गोष्टीचं वावडं आपल्या दीनलाही नाही. यूसुफ अलैहिस्सलाम यांची हकिकत कुरआनने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सांगितली आहे. भावांचा मत्सर, बापाचे आंधळे झालेले डोळे, तुरुंग, दुष्काळ, आणि अखेरीस माफी. गोष्टीतून माणूस जसा कळतो तसा नुसत्या उपदेशातून कळत नाही.

आता पुस्तकांकडे येऊ. मी पहिलं नाव घेते ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चं. १९५५ची कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या छोट्या वाडीवर औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढंच कथानक. मेंढरांमागे जाणारी पोरं शाळेत येत नाहीत, हळूहळू येऊ लागतात. गाव मिळून तालीम बांधतं, राजा तिच्या उद्घाटनाला येतो आणि मग दुष्काळ सगळी वाडी उठवून नेतो. वाक्यं छोटी आहेत. कुठेही लेखक आपल्या खांद्यावरून डोकावून ‘पाहा, मी किती छान लिहितो’ असं सुचवत नाही. या पुस्तकात आयबू आहे. तो मुसलमान आहे, याचा गाजावाजा नाही. त्याला चांगुलपणाचं प्रमाणपत्र दिलेलं नाही की त्याच्यावर संशयही घेतलेला नाही. कारभारी आहे, आनंदा रामोशी आहे, तसाच आयबू आहे. ज्याला बसायला जागा म्हणतात ती ही. गावातल्या इतरांसारखंच, त्यांच्यातच.

आता ती तिसरी गोष्ट. मराठीत सगळ्यात जास्त खपणारी, भेट दिली जाणारी आणि गावच्या वाचनालयात पुढच्याच फळीवर असणारी कादंबरी म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. आपल्याकडचा एखादा तरुण वाचायचं ठरवून वाचनालयात गेला की त्याच्या हातात तीच पडते. तिच्यात त्याच्यासारखं नाव असलेला माणूस बहुधा समोरच्या सैन्यात असतो. ‘पानिपत’मधल्या इब्राहिमखान गारद्यासारखे अपवाद आहेत, आणि विश्वास पाटलांची ती कादंबरी मी आवर्जून सुचवते, पण तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला. पहिल्याच पुस्तकात तीनशे पानं शत्रू म्हणून वावरायचं, हे वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला जड जातं. तो भांडत नाही, तक्रार करत नाही. पुस्तक परत करतो आणि पुन्हा येत नाही. वाचनालयातल्या माणसाला वाटतं, या लोकांना वाचनाची आवडच नाही.

इतिहासावरच्या कादंबऱ्या वाचूच नयेत, असं माझं म्हणणं मुळीच नाही. शिवाजी महाराजांवरची कादंबरी वाचणं हा महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे. पण तिथे जाताना वाचक तयार हवा. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे त्याला कळायला हवं. आवडलेल्या पानाबरोबर न पटलेलं पानही वाचून पुढे जाण्याइतकी त्याची बैठक पक्की हवी. ती बैठक ‘बनगरवाडी’सारख्या पुस्तकांवर तयार होते.

दुसरं पुस्तक रा. रं. बोराडे यांचं ‘पाचोळा’, १९७१चं. मराठवाड्यातल्या खेड्यातल्या एका शिंप्याची बायको आपल्या तोंडाने आपल्या संसाराची परवड सांगते. गावातल्या जोरकस माणसापुढे न वाकणारा नवरा, हातातून जाणारा धंदा, दुरावणारा मुलगा. पहिली दहा पानं ज्यांना बोलीमुळे अडखळायला होतं त्यांना मी एकच सांगते, मोठ्याने वाचा. औरंगाबाद, बीड, लातूर, उस्मानाबादकडच्या बायका हे मोठ्याने वाचू लागल्या की दोन पानांत हसू लागतात, कारण शेजारणीचाच आवाज येतो. पुढे हसू थांबतं, तो भाग वेगळा. टेलरिंगवर घर चालवणारी कितीतरी कुटुंबं आपल्या मोहल्ल्यात आहेत. तयार कपडे आणि मोठी दुकानं आल्यावर एका माणसाच्या मशीनचं काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तिसरं उर्दूतलं, राजिंदरसिंह बेदी यांचं ‘एक चादर मैली सी’. १९६२ साली आलेल्या या लहानशा कादंबरीला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंजाबातलं खेडं. टांगेवाल्या तिलोकाचा खून होतो आणि त्याच्या विधवेला, राणोला, ज्याला तिने मुलासारखं वाढवलं त्याच दिराशी लग्न करायला पंचायत भाग पाडते. इथे एकही उपदेश नाही. पोटासाठी, अब्रूसाठी आणि मुलांसाठी बाईच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच कसे घेतात आणि त्यातही ती स्वतःसाठी काय वाचवते, हे बेदी शांतपणे दाखवतात. लेखक शीख, पात्रं पंजाबी, लिपी उर्दू. ‘उर्दू म्हणजे फक्त आपली’ असं आपल्यातलेही म्हणतात आणि बाहेरचेही. दोघांनाही हे पुस्तक द्यावं.

इथे लिपीचा विषय निघतोच. आपल्या बऱ्याच घरांत दोन भावंडं दोन लिप्यांत वाढलेली असतात. मोठी बहीण उर्दू शाळेत गेली, धाकटा भाऊ मराठी किंवा इंग्रजी शाळेत. बहिणीला मराठी वर्तमानपत्र वाचता येतं, पण मराठी कादंबरी आपल्यासाठी नाही असं वाटतं. भावाला गजल ऐकायला आवडते, पण अलिफ-बेच्या पुढची उर्दू वाचता येत नाही. वाचन सुटण्याचं आपल्याकडचं हे खास कारण आहे आणि त्यावर उपायही घरातच आहे. बेदी, मंटो, इस्मत चुगताई, कृश्न चंदर यांची पुस्तकं देवनागरीत सहज मिळतात. भावाने ती वाचावीत. लिपी बदलली म्हणून भाषेचा जीव जात नाही. बहिणीने ‘बनगरवाडी’ घ्यावी. मी दोन्ही भाषा शिकवते म्हणून सांगते, एका भाषेत वाचनाची गाडी सुरू झाली की दुसरीतली आपोआप सुरू होते. मुलांच्या बाबतीत हे वर्गात रोज दिसतं. मोठ्यांचंही तसंच आहे.

चौथं नाव घेतलं की काही जणांच्या कपाळावर आठी पडते. हमीद दलवाई यांची ‘इंधन’. दलवाईंचं राजकारण, मुस्लिम सत्यशोधक मंडळ, तलाकच्या प्रश्नावर १९६६ साली त्यांनी काढलेला सात महिलांचा मोर्चा, यांवर आपल्यात टोकाची मतं आहेत. त्यांच्या सगळ्या भूमिका मलाही मान्य नाहीत. पण १९६५ सालच्या या कादंबरीतला लेखक भाषण करत नाही. बऱ्याच वर्षांनी, हृदयविकाराचा झटका आल्यानंतर, विश्रांतीसाठी एक माणूस कोकणातल्या आपल्या गावी परततो. बाप, भाऊ, भावजया, खोत आणि कुळं, मशीद, शिमगा. गाव तेच आहे, पण माणसांमधल्या जुन्या ठिणग्या विझलेल्या नाहीत, आणि एका घरातली लफडी बघता बघता सगळ्या गावाचा भडका होतात. चिपळूणजवळच्या मिरजोळीत वाढलेल्या लेखकाने आपल्या माणसांना देवदूतही केलेलं नाही आणि सैतानही. मुसलमान जमीनदार कुळांशी कसा वागतो, हे तो लपवत नाही. हिंदू शेजारी ऐनवेळी कसा बदलतो, हेही नाही. मराठी कादंबरीत मुसलमान घराचा उंबरठा ओलांडून आतल्या खोल्यांत जायचं असेल तर आजही याच पुस्तकाकडे यावं लागतं. ज्यांना दलवाई पटत नाहीत त्यांनी तर ती वाचावीच. एखाद्याच्या मताशी भांडायचं, तर त्याने आपल्या गावाकडे कोणत्या नजरेने पाहिलं ते आधी माहीत असलेलं बरं.

पाचवं, ज्यांना इतकं गंभीर नको त्यांच्यासाठी, मिलिंद बोकील यांचं ‘शाळा’. २००४ साली आलेलं. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि त्याला आवडणारी शिरोडकर. पुस्तक जरा जाड आहे, माझ्या दीडशे पानांच्या अटीत बसत नाही, पण पानं धावतात. नववीतल्या मुलांना शिकवणाऱ्याने आणि नववीतलं मूल घरात असणाऱ्याने हे वाचावं. एरवी आपण त्या वयातल्या मुलांचा मोबाइल तपासतो. त्यांच्या डोक्यात काय चाललंय, ते या पुस्तकातून जास्त कळतं.

ही पाच झाली की माणूस वाचक म्हणून परत उभा राहिलेला असतो. मग पुढची पायरी. मिर्झा हादी रुस्वा यांची १८९९ची ‘उमराव जान अदा’ अनेकांना सिनेमामुळे माहीत असते. पुस्तकातली उमराव त्याहून हुशार आणि तिखट आहे. फैजाबादच्या साध्या घरातली अमीरन नावाची मुलगी, बापाने दिलेल्या साक्षीचा सूड म्हणून पळवली जाते, लखनौच्या कोठ्यावर विकली जाते आणि उतारवयात रुस्वांसमोर बसून आपली हकिकत सांगते. स्वतःची कीव न करता. विश्राम बेडेकरांचं १९३९चं ‘रणांगण’ आहे. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू ज्या बोटीवर आहेत त्याच बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात. केवळ आपल्या जन्मामुळे जगात कुठेच उतरायला जागा नसणं म्हणजे काय, हे आज वाचताना जास्त जाणवतं. गुलशेर खान शानी यांचं ‘काला जल’ हिंदीत आहे, १९६५चं. बस्तरमधलं मध्यमवर्गीय मुसलमान कुटुंब. शबे बरातला मयतांच्या नावाने फातिहा पढताना एकेक गेलेला माणूस आठवत जातो आणि तशी कादंबरी उलगडते. आपल्या घरातली ती संध्याकाळ कादंबरीचा सांगाडा होऊ शकते, हे अनेकांना पहिल्यांदाच कळतं. आणि राही मासूम रजा यांचं ‘आधा गाँव’, १९६६चं, गाजीपूरजवळच्या गंगौलीचं. मोहर्रम, नौहे, जमीनदारी, फाळणी. शिव्या भरपूर आहेत, त्यामुळे घरात मोठ्याने वाचू नका. पण आपलं गाव सोडून जायला नकार देणारी माणसं कशी असतात, ते त्यात आहे. हाच लेखक पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’चे संवाद लिहितो, हेही लक्षात ठेवा. जाड पुस्तकं त्यानंतर. तोवर ‘आग का दरिया’ कुठे पळून जात नाही.

वाचायचं कसं, याबद्दल थोडं. रोज दहा पानं ठरवा. झोपण्याआधी किंवा फज्रनंतर, जेव्हा घर शांत असतं तेव्हा. दहा पानांच्या हिशोबाने दीडशे पानं पंधरा दिवसांत संपतात. एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेलं की सवय परत आलीच म्हणायची. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उशीखाली ठेवून चालत नाही. चाळीस पानं वाचूनही मन लागलं नाही तर पुस्तक बंद करा आणि दुसरं घ्या. त्यात गुन्हा नाही. ताटातलं टाकू नये हे खरं, पण पुस्तकाला ते लागू नाही. वाचताना पेन्सिलने खुणा करून ‘बोध’ शोधत बसू नका. शाळेने आपल्याला ती खोड लावली आहे. धड्याखालचे प्रश्न सोडवण्यासाठी वाचणं वेगळं आणि एखाद्या माणसाचं पुढे काय झालं, या ओढीने वाचणं वेगळं. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असंही नाही. तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी घरातल्या एका मोबाइलच्या रिचार्जपेक्षा बहुधा कमीच असते. जुनी उर्दू पुस्तकं ‘रेख्ता’च्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

आणि नवऱ्यांना, सासवांना, मुलांना एक विनंती. घरातली बाई पुस्तक घेऊन बसली की तिला हाक मारायची घाई करू नका. ती टीव्हीसमोर बसलेली चालते, फोनवर बोलत असलेली चालते. पुस्तक हातात दिसलं की मात्र सगळ्यांना वाटतं, ही रिकामी आहे. कित्येक बायकांचं वाचन वेळ नसल्यामुळे सुटलेलं नाही. पुस्तक हातात असताना आपण कामचुकार दिसतो, या संकोचामुळे सुटलं आहे.

आपल्या बैठकांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते. मराठी साहित्यात आपण कुठे आहोत? तक्रार खरी आहे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच प्रश्नातून. त्यानंतर कविता आल्या, कथा आल्या, आत्मकथनं आली, वैचारिक लेखन तर बरंच आलं. कादंबरीत मात्र अजूनही बोटावर मोजण्याइतकीच नावं घेता येतात. मालेगावचे यंत्रमाग, भिवंडीच्या खोल्या, रत्नागिरीहून आखातात गेलेल्यांच्या बायका, सोलापूरच्या विडी कामगार, मिरजेचे सतारी बनवणारे, घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणारी आपली माणसं. या प्रत्येकात एक कादंबरी आहे. पण ती लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आकाशातून पडणार नाही. ज्या घरात आई कादंबरी वाचताना दिसते, बाप वाचलेल्या पानावर जेवताना बोलतो, त्याच घरात कुणाला तरी वाटेल की आपल्या गल्लीचंही असं लिहिता येईल. आणि तिने लिहिलं तर ते विकत घेऊन वाचणारे शंभर हात तिच्या मोहल्ल्यात असायला हवेत. वाचक आधी, लेखक नंतर.

म्हणून कुणी ‘कादंबरी सांगा’ म्हटलं की मी तो प्रश्न हलका मानत नाही. आणि तुमच्याकडे कुणी असं विचारत आलं तर आपल्या आवडीचं सगळ्यात थोर पुस्तक सांगू नका. विचारणारी व्यक्ती कुठली, घरात काय बोलते, तिला दिवसात किती वेळ मिळतो, ते आधी विचारा. मग एक बारीकसं पुस्तक, जमलं तर स्वतःच्या कपाटातलं, तिच्या हातात द्या. परत मागण्याची घाई करू नका. पंधरा दिवसांनी ‘काय शिकलात?’ असं न विचारता ‘कुठवर आलात?’ एवढंच विचारा.